डोक्यावरचं ओझं जातं कुठे?

रावेर-यावलकडे केळीची कापणी चालू असेल तर थोडा वेळ बांधावर थांबा. दांड्यावर कोयता बसतो, खालचा गडी घड अलगद झेलतो, डोक्यावरच्या टॉवेलाच्या चुंबळीवर टेकवतो आणि ठिबकच्या नळ्या ओलांडत गाडीकडे निघतो. घड वीसेक किलोचा. पण गड्याची मान ताठ, चाल भरभर, वर शेजारच्याशी गप्पाही चालूच!

आता तोच घड वाकून जमिनीवरून उचलून बघा. कंबर ताबडतोब जाब विचारते. वजन तेच, माणूस तोच, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते अंतरात. वाकल्यावर घड कमरेच्या मणक्यापासून सुमारे ४० सेंटीमीटर पुढे लोंबतो. तो तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर. शाळेतली तरफ आठवते ना? ४० भागिले ५, म्हणजे आठपट. २० किलोच्या घडासाठी स्नायूंना १६० किलोंचा जोर लावावा लागतो, आणि पुढे झुकलेल्या स्वतःच्या धडाचा भार वेगळाच!

घड डोक्यावर गेला की हे अंतर जवळपास संपतं. भार सरळ मणक्यांतून, खुब्यांतून, पायांतून जमिनीत उतरतो. भार हाडं पेलतात, स्नायूंनी फक्त तोल सांभाळायचा. यातली खरी गंमत अशी की हाडाला नुसतं उभं राहून भार सोसायला इंधन लागत नाही. स्नायू मात्र तसूभर न हलता ताठ राहिला तरी इंधन जाळतच राहतो. बाकी मान फुकटात सुटते असं कुणी समजू नये. वर्षानुवर्षं दाब सोसणारे मणके झिजतातच.

पण माणूस एका जागी उभा कुठे राहतो? तो चालतो. आणि चालणं म्हणजे काय, तर दर पावलाला पुढे पडायचं आणि पडता पडता दुसरा पाय टेकवून स्वतःला सावरायचं. टेकलेल्या पायावरून धड वर चढतं, काही सेंटीमीटरच, आणि चढताना त्याचा वेग कमी होतो. माथा ओलांडला की ते खाली येतं आणि वेग वाढतो. सायकलवर उतारात मिळालेला वेग पुढच्या चढाला कामी येतो, तसंच हे. नेहमीच्या चालीत या चढउतारातली जवळजवळ ६५ टक्के ऊर्जा अशी आपली आपल्यालाच परत मिळते. उरलेल्याचं बिल तेवढं स्नायू भरतात.

हे ६५ वाढवता येतील का? १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा एक अभ्यास आला आणि शास्त्रज्ञ चक्रावले. लहानपणापासून डोक्यावर ओझं वाहणाऱ्या या बायकांना स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा भार जवळपास फुकट पडत होता! ५५ किलोच्या बाईनं ११ किलोंची भरलेली कळशी डोक्यावर घ्यावी आणि शरीरानं त्याचा जादा प्राणवायूही मागू नये! कोडं सुटायला १९९५ उजाडलं. ओझं घेतल्यावर त्यांची चाल सूक्ष्मशी बदलायची आणि परत मिळणारी ऊर्जा ८० टक्क्यांपर्यंत जायची. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांची तपासणी झाली, तेव्हा मात्र ही सूट सगळ्यांना मिळताना दिसली नाही. विज्ञानात असं होतं, आणि मला तर तेही आवडतं.

एका हातात भरलेली बादली घेऊन चालताना अंग दुसऱ्या बाजूला का कलतं? दर पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो. त्या क्षणी कमरेची दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू जीव तोडून ओढतात. तरफ पुन्हा तीच, आणि पुन्हा त्यांच्याच विरोधात. शरीराचा भार आणि ही ओढ मिळून साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट दाब येतो. बादली उजव्या हातात असेल, तर कष्ट डाव्या खुब्याचे वाढतात. दोन हातांत दोन बादल्या घेतल्या की वजन दुप्पट होतं, पण तोल साधतो. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं असेल?

मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर महिनाभर चालणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या काठ्या याच हिशेबानं पाहाव्यात. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात हवी. काठीचं टोक डाव्या खुब्यापासून लांब, स्नायू मात्र त्याला चिकटून. त्यामुळे काठीवर थोडासा भार टाकला तरी स्नायूंचे कष्ट त्याच्या आठ-दहापट कमी होतात. वाकल्यावर कंबरेला लुबाडणारी तरफच इथे खुब्याला उसनं देते. सिनेमातले लंगडणारे म्हातारे मात्र पुष्कळदा दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरतात. पुढच्या वेळी बघा, आणि दिग्दर्शकाला खुशाल नावं ठेवा.