पंचवीस नंबरची वाट

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात, हिशेबाच्या कपाटाशेजारी मेल सर्व्हर ठेवलेला आहे. ऑफिसातल्या ऑफिसात मेल व्यवस्थित फिरतात. अमरावतीच्या शाखेतून पाठवलेला तुरीच्या सौद्याचा कागद मात्र पोचत नाही. सर्व्हर ठणठणीत आहे. बाहेरून त्याच्यापर्यंत यायला वाट नाही. ती राउटरमधून काढून देणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०. असे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. हाच पत्ता अमरावतीच्या शाखेतल्या प्रिंटरलाही असू शकतो. जगाला दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. वाड्यात बिऱ्हाडं अनेक आणि दारावर पाटी एकच, तसा हा प्रकार. कोणाचं टपाल कुठल्या खोलीत द्यायचं, ते राउटरला सांगून ठेवावं लागतं.

नेटचं काम करणारा जाणता माणूस मात्र थेट राउटरला हात घालत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, “भाऊ, पब्लिक आयपी हाय का?” राउटरच्या स्टेटस पानावर १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, की त्याला उत्तर मिळतं: नाही. आशिया-पॅसिफिक भागाचा आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये संपत आला, तेव्हापासून त्यांचं वाटप काटकसरीनं होतं. म्हणून नेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. अशा जोडणीवर आपल्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी बाहेरचा मेल आत येत नाही. स्टॅटिक आयपी मागून घ्यावाच लागतो. फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल तर त्याला ब्रिज मोडवर टाकतात, नाहीतर नियम दोन्हीकडे लिहितात.

मग सर्व्हरचा आतला पत्ता पक्का केला जातो. तो बदलला, तर नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहील. आता नियम: टीसीपी, बाहेरचा पोर्ट २५, आतला पत्ता, आतला पोर्ट २५. दुसऱ्या सर्व्हरकडून येणारा मेल याच वाटेनं येतो. शाखेतल्या लोकांना मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५, वाचण्यासाठी ९९३.

बस्स, एवढंच.

राउटरमध्ये ‘डीएमझेड’ नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की सगळेच पोर्ट एकदम त्या सर्व्हरकडे वळतात आणि काम चटकन झाल्यासारखं वाटतं. पण त्याबरोबर फाइल शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप, सारंच उघड्यावर येतं. जेवढं लागतं तेवढंच उघडणं, यातच या कामाचा कस आहे.

तपासणी बाहेरून करायची. अनेक राउटर आतून बाहेरच्या पत्त्यावर गेलेली जोडणी परत आत वळवत नाहीत, त्यामुळे अकोल्यात बसून केलेली चाचणी फसवी ठरते. अमरावतीच्या शाखेतून २५ वर जोडणी केली आणि ‘२२०’ ने सुरू होणारी ओळ आली, की वाट मोकळी झाली.

यानंतरची चाचणी अनेक जण सोडून देतात. बाहेरच्या अनोळखी पत्त्यावरून, तिसऱ्याच बाहेरच्या पत्त्यासाठी मेल देऊन पाहायचा. सर्व्हरनं तो नाकारलाच पाहिजे. काही राउटर फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून स्वतःचा लावतात. मग सर्व्हरला प्रत्येक परका घरचाच वाटतो, आणि घरच्यांवर विश्वास ठेवायची मुभा असेल तर जगभरचा स्पॅम मिलच्या नावानं सुटतो. मिलचा पत्ता काळ्या यादीत गेला, की व्यापाऱ्यांना लिहिलेली खरी पत्रंही परत येऊ लागतात. म्हणून लॉगमध्ये बाहेरच्याचा खरा पत्ता दिसतो की नाही, हे त्याच दिवशी पाहून घ्यायला हवं.

मेमध्ये वऱ्हाडात दुपारी वीज गेली, तर फायबरचा डबा, राउटर आणि सर्व्हर तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकटा सर्व्हर जागा राहून भागत नाही. तरी काही काळ सगळं बंद पडलंच, तर मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि आरएफसी ५३२१ प्रमाणे त्यानं निदान चार-पाच दिवस हार मानू नये, अशी अपेक्षा आहे. दुपारी अमरावतीहून निघालेला सौद्याचा कागद वीज आल्यावर अकोल्यात पोचतो, तो यामुळे.