शब्द सांगणारे यंत्र आणि आमची मुले

बुऱ्हाणपुरातील मराठी मूल चार भाषांत वाढते. घरी खानदेशी वळणाची मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू. इंग्रजी मात्र पुस्तकात. ती कानावर पडत नाही, म्हणून तिचे शब्द पाठ करावे लागतात, आणि परीक्षा संपताच ते विरून जातात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले. तेव्हापासून मुले मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला शब्द विचारू लागली. तिच्याविषयी त्यांना काय वाटते, हे मी नववी-दहावीच्या वर्गांत विचारले.

बहुतेकांचे उत्तर शिक्षकाने ऐकण्यासारखे होते : यंत्र हसत नाही. परभाषेत चुकण्याची लाज मोठी. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. त्याआधी त्यांच्या कित्येक चुकांना आपले लोक हसलेच असतील! मुलींची अडचण निराळी. मोबाइल वडिलांचा किंवा भावाचा. तो रात्री हाती येईपर्यंत विचारायचे शब्दच विसरलेले असतात. एकीने त्यासाठी वही केली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, वहीत उतरलेले शब्दच तिच्या ध्यानात राहिले.

यंत्रमागावरील कामगाराच्या एका मुलाने 'फणी'चा इंग्रजी शब्द विचारला. उत्तर आले, 'कोम'. केस विंचरण्याची फणी ती खरी. पण त्याला हवी होती मागावरची, तिला 'रीड' म्हणतात. शेजारच्या बाकावरील केळी-बागाइतदाराच्या मुलाची फणी तिसरीच : घडातील फणीला इंग्रज 'हँड', म्हणजे हात, म्हणतो आणि एकेका केळ्याला बोट! मागाचा उल्लेख करून पुन्हा विचारताच यंत्राने योग्य शब्द दिला.

असे का व्हावे? हे यंत्र माग पाहून बोलत नाही. अफाट लिखाणाच्या अभ्यासावरून, कोणत्या शब्दामागून कोणता येण्याचा संभव अधिक, याचा ते अंदाज बांधते. प्रश्नात माग नसला, की ते बहुतांची फणी उचलते. "सर, ते चुकतानाही अडखळत नाही," असे एक विद्यार्थी म्हणाला. मला वर्गातील हा शेरा सर्वांत मोलाचा वाटला. कारण कच्चा विद्यार्थी ठाम स्वरालाच ज्ञान समजतो.

तो मुलगा आता वडिलांच्या कारखान्यातील शब्द वहीत लिहून आणतो, आणि प्रत्येकापुढे ती वस्तू काय काम करते, तेही लिहितो. 'धोटा' त्याने असाच विचारला. 'शटल' हे उत्तर पहिल्याच खेपेस बरोबर आले.