ब्राउनश्वाइगचा सिंह

उत्तर जर्मनीत ब्राउनश्वाइग नावाचे पुरातन नगर आहे. तेथील किल्ल्यापुढील चौकात, उंच दगडी चौथऱ्यावर, तोंड उघडून उभा असलेला एक सिंह प्रवाशाचे लक्ष वेधून घेतो. हा सिंह म्हणजे प्रतिकृती होय, सुमारे इ. स. ११६६ मध्ये ब्राँझ धातूत ओतलेला मूळ पुतळा जवळच्या किल्ल्यात जतन केलेला आहे. ज्याने तो घडवून घेतला, तो ड्यूक हाइनरिख इतिहासात 'सिंह हाइनरिख' या नावाने प्रसिद्ध आहे.

त्या काळी जर्मनीत सम्राटाच्या हाताखाली मोठमोठे सरदार आपापल्या प्रांतांचा कारभार पाहत. ड्यूक हा अशा सरदारांतील श्रेष्ठ होय. त्याला प्रांत मिळे तो सम्राटाकडून. म्हणून संकटसमयी त्याने सम्राटाच्या पाठीशी उभे राहावे, अशी अपेक्षा असे.

हाइनरिखचे बालपण मोठ्या कष्टाचे गेले. त्याच्या पित्याकडे सॅक्सनी आणि बव्हेरिया असे दोन प्रांत होते. परंतु राजा तिसरा कॉनराड याने ते दोन्ही हिरावून घेतले. ११३९ मध्ये पिता मरण पावला, तेव्हा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता. आई गर्ट्रूड आणि आजी रिखेंझा यांनी त्याचा हक्क नेटाने राखला आणि ११४२ मध्ये सॅक्सनी त्याला परत मिळाले. पुढे त्याचा आतेभाऊ फ्रेडरिक बार्बारोसा हा राजा व नंतर सम्राट झाला. त्याने ११५६ मध्ये बव्हेरियाही हाइनरिखच्या स्वाधीन केले.

आता हाइनरिखच्या भाग्याला भरती आली. ईझार नदीवर फ्राइजिंगच्या बिशपचा एक पूल होता व तेथे मिठाच्या व्यापारावर जकात मिळे. हाइनरिखने तो पूल मोडला आणि बाजार आपल्या हद्दीत म्यूनिक येथे नेला. ११५८ मध्ये सम्राटाने या बाजारास मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, आगीत जळालेले ल्यूबेक हे बंदर त्याने पुन्हा वसविले आणि दूरदूरच्या व्यापाऱ्यांस तेथे बोलावले. ११६८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची कन्या मटिल्डा हिच्याशी त्याचा विवाह झाला.

परंतु वैभवाबरोबर अहंकारही वाढला. ११७६ मध्ये इटलीतील युद्धात सम्राट अडचणीत सापडला. आल्प्सच्या पायथ्याशी कियावेन्ना येथे त्याने हाइनरिखकडे सैन्य मागितले. सम्राटाने त्याच्यापुढे गुडघे टेकले, असेही काही बखरकारांनी नंतर लिहिले आहे. हाइनरिखने मोबदल्यात चांदीच्या खाणींचे गोस्लार नगर मागितले. सम्राटाने ते नाकारले, आणि हाइनरिखनेही सैन्य दिले नाही. त्याच वर्षी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला.

हाइनरिखच्या दांडगाईने त्रासलेले सरदार आणि बिशप संधीची वाटच पाहत होते. त्यांनी तक्रारी गुदरल्या. पुनःपुन्हा बोलावणे येऊनही हाइनरिख न्यायसभेपुढे गेला नाही. ११८० मध्ये त्याचे दोन्ही प्रांत काढून घेण्यात आले. पुढच्या वर्षी त्याला एर्फुर्ट येथे सम्राटाला शरण जावे लागले. ११८२ मध्ये तो बायकामुलांसह सासऱ्याच्या आश्रयास गेला. ज्याच्या शब्दावर नगरे वसत, तो आता दुसऱ्याच्या घरचा पाहुणा झाला! धाकटा मुलगा विल्हेल्म या वनवासातच जन्मला.

तीन वर्षांनी तो परतला. पण ११८९ मध्ये सम्राट धर्मयुद्धास निघाला, तेव्हा हाइनरिखला पुन्हा देश सोडावा लागला. या वेळी मटिल्डा ब्राउनश्वाइगमध्येच राहिली. तेथेच तिला मृत्यूने गाठले. पतिपत्नींची अखेरची भेट झाली नाही. ६ ऑगस्ट ११९५ रोजी हाइनरिखनेही त्याच नगरात देह ठेवला. त्यानेच बांधावयास घेतलेल्या चर्चमध्ये दोघांच्या पाषाणमूर्ती आज शेजारी शेजारी विसावलेल्या दिसतात. हाइनरिखने अजगराच्या तावडीतून सोडविलेला सिंह जन्मभर त्याच्यामागून फिरला आणि अखेर त्याच्या थडग्यावरच प्राण सोडता झाला, अशी दंतकथा लोक सांगतात.

त्याचा मुलगा ओटो १२०९ मध्ये सम्राट झाला. परंतु दोन घराण्यांतील वैर मिटले ते पुढे १२३५ मध्ये. त्या वर्षी बार्बारोसाचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक याने विल्हेल्मच्या मुलास, म्हणजे हाइनरिखच्या नातवास, ब्राउनश्वाइगचा ड्यूक म्हणून गौरविले. आजोबांनी तोडलेले नाते नातवांनी जोडले.

हाइनरिखचे प्रांत एका पिढीतच गेले. वसविलेली नगरे मात्र राहिली. ल्यूबेक पुढे उत्तरेकडील व्यापारी नगरांच्या संघाचे प्रमुख झाले, आणि म्यूनिक आज बव्हेरियाची राजधानी आहे. पूल मोडणाऱ्या हाताचा लोकांना विसर पडला आहे. नगरे वसविणाऱ्या हाताची आठवण अद्याप कायम आहे.