कडेने गाठलेला मध्य

बुद्धिबळ शिकवताना वडीलधारी मंडळी पहिला धडा देतात तो असा : राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवा आणि पटाचा मध्य धरा. धडा चुकीचा नाही. परंतु 22 मार्च 1924 रोजी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीने तो बाजूला ठेवला. समोर होता क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका. 1916 नंतर स्पर्धेतला एकही डाव तो हरला नव्हता.

रेटीने आधी घोडा काढला. मग वजिराच्या बाजूची, उंटापुढची आणि घोड्यापुढची प्यादी दोन-दोन घरे नेली. दोन्ही उंट कोपऱ्यांजवळ बसवले. सातव्या खेळीपर्यंत मधली दोन्ही प्यादी जागची हलली नव्हती.

हे का? कोपऱ्याजवळचा उंट तिरक्या रेषेत, पटाच्या मध्यातून थेट पलीकडे पाहतो. वाटेत आपलेच प्यादे असले की त्याची नजर अडते. प्रतिस्पर्ध्याने तिथे प्यादे आणले, तर तेच माऱ्याखाली येते.

सोळाव्या खेळीला रेटीने वजिरापुढचे प्यादे मध्यात घुसवले. मारामारी झाली, रेषा मोकळी झाली. कापाब्लांकाच्या वजिराने एक प्यादे टिपले. एकविसाव्या खेळीला रेटीच्या उंटाने काळ्या राजाशेजारचा उंट मारला आणि लगोलग त्याच रेषेवर वजीर आणून शह दिला. कापाब्लांकाचा वजीर मग घरोघर हिंडत राहिला. एकतिसाव्या खेळीला त्याला धड घर उरले नाही. जगज्जेत्याने डाव सोडला. त्या स्पर्धेतली त्याची ही एकमेव हार.

गंमत अशी, की उंट असे कडेला बसवणे आपल्याकडे जुनेच. आपल्या पारंपरिक खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, त्यामुळे ही मांडणी सोयीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेनविरुद्ध अशीच मांडणी करीत. अशा बचावांच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द आजही आहे.

मी कविता लिहितो. सगळे पहिल्याच ओळीत सांगून टाकण्याचा मोह मला ठाऊक आहे. तो अनावर झाला, की मी हा डाव पटावर पुन्हा मांडतो आणि सोळाव्या खेळीपर्यंत थांबायला शिकतो.