पाच मिलिमीटरची फट

सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडल्या जाणाऱ्या मोटारीला ‘किट कार’ म्हणतात, आणि अशा रीतीने ज्या गाड्यांच्या प्रतिकृती फार मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या त्यांत शेल्बी कोब्राचे नाव अग्रभागी येते. इंग्लंडमधील थेम्स डिटन येथे एसी कार्स ही कंपनी ‘एस’ नावाची हलकी, उघडी गाडी बनवत असे; कॅरल शेल्बी या अमेरिकी शर्यतपटूने १९६२ मध्ये तिच्यात फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि त्यातून कोब्रा घडली. मूळ कोब्राचे अॅल्युमिनियमचे अंग कारागीर हाताने ठोकून घडवत आणि प्रत्येक दरवाजा त्या त्या गाडीच्या मापाने बसवत. आज अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेअरहॅम येथील, १९९५ मध्ये स्थापन झालेली फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही कंपनी कोब्राच्या प्रतिकृतीचे संच विकते. त्यांत पोलादी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे चॅसी, आणि राळेत काचतंतू थिजवून साच्यातून काढलेले फायबरचे अंग असते. इंजिन, ब्रेक आणि चाके बसली की अंगाविना नुसता सांगाडाही चालवता येतो, आणि पुष्कळ जण तो आनंद घेतातही. खरी कसोटी मात्र त्यानंतर, अंगावर दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण जुळवताना लागते.

दोन भागांमधील फट साधारण पाच मिलिमीटरची असावी आणि लगतचे पृष्ठभाग एका पातळीत यावेत, एवढीच अपेक्षा असते. फटीच्या रुंदीपेक्षा तिचा सारखेपणा महत्त्वाचा ठरतो, कारण सर्वत्र सहा मिलिमीटर असलेली फट डोळ्याला खटकत नाही, पण एका टोकाला चार आणि दुसऱ्या टोकाला सहा भरणारी फट चटकन तिरपी दिसते.

या सगळ्या कामात सर्वांत हट्टी भाग दरवाजाचा. तो फायबरच्या अंगावर टांगलेला नसून त्याची बिजागरी थेट पोलादी चॅसीला बोल्टने जोडलेली असते. ज्या चौकटीत तो मिटायचा ती चौकट मात्र अंगाची असते, आणि अंग चॅसीवर स्वतंत्रपणे बसते. त्यामुळे अंग जरासे पुढे सरकले की दरवाजा जागचा न हलताही चुकीचा ठरतो, आणि म्हणूनच अंगाची बैठक पक्की झाल्याशिवाय जाणकार बिजागरीला पाना लावत नाहीत. शिवाय येथे लहान बदलाचा परिणाम मोठा होतो: समजा बिजागरीचे बोल्ट एकाखाली एक १५ सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि दरवाजा ६० सेंटिमीटर लांब आहे, तर दरवाजा त्याच्या प्रतलात फिरवताना एका बोल्टपाशी झालेली एक मिलिमीटरची सरक कुलपाच्या टोकाला चार मिलिमीटर होऊन उमटते. वायसर घालणे, बोल्ट सैल करणे, दरवाजा मिटून पाहणे आणि पुन्हा बोल्ट सैल करणे हा क्रम चिकाटीची परीक्षा पाहतो. यंत्रांच्या साच्यातून निघणाऱ्या गाड्यांमध्ये जे कसब आपल्याला दिसत नाही ते येथे एका हौशी माणसाच्या हाती येते, ही गोष्ट मनापासून गौरवावी अशी आहे.

बोल्ट सरकवून जे साधत नाही ते पुट्टीने साधावे लागते. शेजारच्या भागाच्या कडेवर चिकटपट्टी लावून, म्हणजे पुट्टी तिला धरणार नाही अशी सोय करून, फट काचतंतूयुक्त पुट्टीने पूर्ण भरतात; ती घट्ट झाली की करवतीच्या पात्याने मधोमध नवी, सरळ फट कापतात. नंतर लांब, सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून पृष्ठभाग घासतात, कारण नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या दाबाचे खळगे उमटतात आणि चकचकीत रंगाखाली, विशेषतः काळ्या रंगाखाली, ते स्पष्ट दिसतात.

अडचणी मात्र एवढ्यावर सरत नाहीत. साच्यातून निघालेली राळ पुढेही काही काळ कडक होत आणि किंचित आकसत राहते, म्हणून रंगाआधी अंगाला ऊन दाखवण्याचा सल्ला अनुभवी लोक देतात. तसे न करता रंगाची घाई केली तर रंगाखालून सांध्यांच्या रेषा वर येतात. चॅसी आधाराच्या घोड्यांवर उचललेली असताना जुळवलेल्या फटी गाडी चाकांवर उतरून इंजिनाचे वजन पेलू लागल्यावर बदलू शकतात. दरवाजाभोवतीचे रबर नंतर बसवले तर ते दरवाजाला बाहेर ढकलते आणि साधलेली पातळी बिघडते, तेव्हा रबर आधी बसवूनच जुळणी करणे श्रेयस्कर. प्रायमर, रंग आणि वरचे पारदर्शक आवरण यांचे थर दोन्ही कडांवर चढत असल्याने फट अरुंद होते, आणि हा हिशेब राहिला तर दरवाजा पहिल्यांदा मिटतानाच कडेवरून नव्या रंगाचा टवका उडतो. शेवटी, रंगासाठी सगळे भाग पुन्हा सुटे करावे लागतात. म्हणून जुळणी पूर्ण होताच बिजागरी आणि तिची बैठक यांतून आरपार एक बारीक भोक पाडून ठेवतात, म्हणजे रंगकाम झाल्यावर त्या भोकात पिन घालून दरवाजा नेमका पूर्वीच्या जागी आणता येतो आणि मगच बोल्ट कसता येतात.