तेरा वर्षांनी आलेला पुढचा भाग आणि घरातील ज्येष्ठ

ज्या चित्रपटाची घरातील मुले वर्षानुवर्षे वाट पाहत असतात, त्याचा पुढचा भाग आला की घरात उत्साहाला उधाण येते. कोणत्या शहरात जायचे, कोणता खेळ निवडायचा, गाडीत किती जण मावतील, या सर्वांचा हिशेब होतो. एक प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही : आजी-आजोबा येणार का? कोणी विचारलेच तर आतल्या खोलीतून ठरलेले उत्तर येते, "मले काय समजते त्यातलं, तुमीच जा." आणि सगळे ते उत्तर खरे मानून निघून जातात.

वाचकहो, या उत्तरामागे बहुतेक वेळा चित्रपट न समजण्याची भीती नसते. गुडघ्यांची, लघवीची, अंधारातल्या पायऱ्यांची आणि आपल्यामुळे इतरांची गैरसोय होईल याची भीती असते. या प्रत्येक भीतीवर उपाय आहे. तो करता यावा म्हणून हा लेख.

तेरा वर्षांचे अंतर

'अवतार' हा जेम्स कॅमेरून यांचा विज्ञानपट १८ डिसेंबर २००९ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा पुढचा भाग, 'अवतार : द वे ऑफ वॉटर', अनेकदा तारखा पुढे ढकलल्या जाऊन अखेर १६ डिसेंबर २०२२ रोजी आला. तिसरा भाग, 'फायर अँड ॲश', डिसेंबर २०२५ मध्ये आला. पहिला भाग २ तास ४२ मिनिटांचा होता. दुसरा ३ तास १२ मिनिटांचा. तिसराही तीन तासांहून मोठाच आहे.

आता हेच आपल्या घरातील वयांशी जोडून पाहा. पहिला भाग पासष्टाव्या वर्षी नातवाला मांडीवर घेऊन पाहिलेले आजोबा दुसऱ्या भागाच्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. चित्रपट अर्ध्या तासाने वाढला आणि शरीर तेरा वर्षांनी थकले. दरम्यान कोणाचा मोतीबिंदू निघाला, कोणाच्या हृदयात स्टेंट बसला, कोणाच्या कानाला यंत्र लागले. म्हणून "मागच्या वेळी तर व्यवस्थित पाहिला होता" हा आधार पुरेसा नाही. तसेच "आता त्यांना जमणार नाही" हा निष्कर्षही विचारपूस न करता काढणे योग्य नाही.

विज्ञानकथा ही केवळ तरुणांची आवड, हा समजही बाजूला ठेवावा. डॉ. जयंत नारळीकर यांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा विशी-पंचविशीत असलेले त्याचे वाचक आज सत्तरीत आहेत. 'अवतार'च्या दुसऱ्या भागात किरी या चौदा वर्षांच्या मुलीची भूमिका सिगर्नी वीव्हर यांनी केली आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. दिग्दर्शकही ६८ वर्षांचे होते.

आधी गोष्ट सांगा

ज्येष्ठांना चित्रपट कळत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्यांना संवाद नीट ऐकू आलेले नसतात. वय वाढते तसे उंच पट्टीचे सूर आधी कमी ऐकू येऊ लागतात. त्यामुळे आवाज पोहोचतो. पण शब्द उमगत नाही. त्यात भाषांतरित चित्रपटात ओठांच्या हालचाली आणि शब्द जुळत नाहीत, मागे संगीताचा गदारोळ असतो. यावर सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी नातवंडांनी बसून आधीच्या भागाची गोष्ट सांगणे. शक्य असल्यास पहिला भाग घरच्या टीव्हीवर दोन संध्याकाळी विभागून पाहावा. हिंदी खेळ निवडावा.

'अवतार'ची गोष्ट ज्येष्ठांना परकी वाटणार नाही. तिचा नायक जेक पायांनी अधू झालेला, चाकाच्या खुर्चीवरचा सैनिक आहे. दुसऱ्या शरीरात शिरल्यावर तो प्रथमच मातीवर धावतो, तेव्हा त्याला झालेला आनंद गुडघे धरून बसलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या भागात हाच जेक मुलांच्या जिवासाठी आपले रान सोडून समुद्रकाठच्या परक्या लोकांत आसरा घेतो. लेकरांच्या पायी गाव सोडून पुण्या-नागपुराकडे गेलेली घरे दर्यापूर परिसरात कमी नाहीत.

एक सूचना येथे आवश्यक आहे. दुसऱ्या भागात नायकाचा थोरला मुलगा मरण पावतो आणि तिसऱ्या भागाची सुरुवात त्या शोकातून होते. ज्यांनी अलीकडे अपत्य किंवा जोडीदार गमावला आहे, त्यांना हे आधी सांगावे. सांगितल्यावरही यायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे. पडद्यापुढे डोळे भरून आले तर त्यात वाईट काही नाही. शेजारी हात धरणारे माणूस मात्र असावे.

थ्रीडी चष्मा आणि म्हातारे डोळे

'छोटा चेतन' पाहताना डोळ्यांवर चढवलेला चष्मा अनेकांना आठवत असेल. तत्त्व आजही तेच आहे. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते आणि मेंदू ती दोन्ही जुळवून खोली निर्माण करतो. थ्रीडी चित्रपटात पडद्यावर दोन चित्रे असतात व चष्म्याची प्रत्येक काच त्यांतील एकच डोळ्यापर्यंत जाऊ देते.

म्हणून दोन्ही डोळ्यांची दृष्टी साधारण सारखी असावी लागते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्याचा पिकत आलेला असेल, किंवा एका डोळ्याने जवळजवळ दिसत नसेल, तर थ्रीडीचा लाभ होत नाही. डोके मात्र दुखू शकते. अशांनी साधा, म्हणजे टूडी खेळ निवडावा. कथेत काहीही कमी पडत नाही.

प्रकाशाचाही विचार करावा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि थ्रीडी चष्मा त्यातूनही काही अडवतो. आपला नेहमीचा चष्मा काढू नये. त्यावरच दुसरा बसवावा. फार पुढे बसू नये. चित्रपटात उडण्याची, बुडण्याची दृश्ये पुष्कळ आहेत. डोळे सांगतात आपण हललो, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण स्थिर आहोत. या विसंवादातून मळमळ किंवा भोवळ येते. तसे झाल्यास चष्मा काढून दोन-तीन मिनिटे डोळे मिटून बसावे.

साडेसहा तासांचा हिशेब

दर्यापूरहून अमरावती किंवा अकोल्याचे मल्टिप्लेक्स गाठायचे तर जाण्यायेण्यात दोन-अडीच तास जातात. त्यात सव्वातीन तासांचा चित्रपट, मध्यंतर आणि आधी पोहोचण्याचा अर्धा तास मिळवला की साडेसहा तास होतात. आखणी या साडेसहा तासांची करावी.

दुपारचा खेळ सर्वांत बरा. डिसेंबरात वऱ्हाडातील रात्र बोचरी असते आणि चित्रपटगृहातील वातानुकूलन त्यात भर घालते. शाल व पायमोजे बरोबर असावेत.

औषधांची वेळ चुकवू नये. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नये. पुष्कळ ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, उठावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यामुळे भोवळ, बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना आमंत्रण मिळते. पाणी घोट घोट प्यावे, कडेचे आसन घ्यावे, आत शिरण्यापूर्वी व मध्यंतरात स्वच्छतागृहात जाऊन यावे.

मधुमेहींनी जेवून निघावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांजवळ ग्लुकोज किंवा साखर असावीच. बाहेरचे खाद्य आत नेऊ देत नसल्यास ते रुग्णासाठी आहे, हे दारावरच नम्रपणे सांगावे. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच साखर द्यावी. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी खारट पॉपकॉर्नचा मोह आवरावा. खारपाणपट्ट्यातील माणसाला मिठाचा इशारा समजावून सांगायला नको.

बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावेत, म्हणजे पोटऱ्यांतील रक्त खेळते राहते. उठताना घाई करू नये. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरतो आणि पाय डगमगतात. दिवे लागल्यावर मिनिटभर बसून, मग खुर्चीचा हात धरून उभे राहावे. गर्दी ओसरू द्यावी. दिवे मालवण्यापूर्वी जागेवर पोहोचणे तर अत्यंत महत्त्वाचे. उतारवयात डोळ्यांना अंधार सरावायला अधिक वेळ लागतो आणि पायऱ्यांवरील पडणे मांडीचे हाड मोडू शकते.

आवाज असह्य झाल्यास कानात कापसाचे बोळे घालावेत. श्रवणयंत्राचा आवाज कमी करावा.

केव्हा जाऊ नये

नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, रक्तदाब आटोक्यात नसलेला, वारंवार चक्कर येणारी किंवा अपस्माराचा त्रास असलेली व्यक्ती असेल, तर डॉक्टरांच्या संमतीवाचून नेऊ नये. छातीत दडपण, दरदरून घाम, धाप, तोंड एका बाजूला ओढले जाणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती अचानक जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास चित्रपट संपण्याची वाट पाहू नये. तत्काळ बाहेर यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला अंधार आणि गोंगाट भयकारी वाटू शकतो. आरंभीच्या अवस्थेत, दोन्ही बाजूंना ओळखीची माणसे बसवून, कमी गर्दीच्या खेळाला नेऊन पाहावे. मध्यंतरात परतावे लागले तर कोण बरोबर निघेल, हे घरीच ठरवावे. ते आयत्या वेळी ठरले की कुरबूर होते, आणि ती ज्येष्ठांच्या कानावर पडली की पुढच्या वेळी ते येत नाहीत.

जी घरी थांबते तिचे काय?

अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर कोणीतरी मागे राहावेच लागते, आणि ते 'कोणीतरी' बहुधा सूनबाई किंवा लेक असते. २००९ मध्ये महाविद्यालयात असताना तिनेही पहिला भाग मैत्रिणींसह पाहिलेला असतो. तेरा वर्षे तिनेही वाट पाहिलेली असते. तिला "तू नंतर मोबाइलवर बघ" असे सांगणे हा शुश्रूषेचा मोबदला नव्हे.

घरातील पुरुषांनी एका दिवशी शुश्रूषा हाती घ्यावी आणि तिला पाठवावे. त्यासाठी औषधांच्या वेळा, कूस पालटण्याचे अंतर, भरवण्याची रीत हे सर्व कागदावर लिहून भिंतीला लावावे. एरवीही ज्या घरात शुश्रूषा एकाच माणसाला ठाऊक असते, ते घर त्या एका माणसाच्या आजारपणात कोलमडते. एका चित्रपटाच्या निमित्ताने दुसरे माणूस तयार झाले, तर तो लाभ तिकिटाच्या दामाहून कितीतरी मोठा आहे.

अंथरुणावरील व्यक्तीलाही गोष्ट हवी असते. परत आल्यावर नातवाने उशाशी बसून, निळ्या माणसांची आणि समुद्रातल्या प्रचंड जीवांची कथा हातवारे करून सांगावी.

पुढच्या भागासाठी तेरा वर्षे थांबणे तरुणांना परवडते. पंचाहत्तरीच्या माणसाला थांबण्याचा सल्ला देताना आपण त्याच्या आयुष्यातील किती भाग मागतो आहोत, याचा विचार व्हावा. म्हणून पुढच्या वेळी तिकिटांची संख्या ठरवण्यापूर्वी आतल्या खोलीत जाऊन विचारा. "तुमीच जा" असे उत्तर आले, तर शेजारी बसा आणि आणखी एक प्रश्न विचारा : "अडचण कशाची वाटते?" जे उत्तर येईल, त्याची तयारी करा.