ताटाचा फोटो कोणासाठी?

रात्रीचे जेवण चालू आहे. सोळा वर्षांची नात मोबाइल उचलते, ताटाचा फोटो काढते, शेजारी बसलेल्या तुमचा हातही त्यात येईल असे पाहते आणि घाईने पाठवते. हल्लीच्या मुलांची हौस म्हणून तुम्ही हसून सोडून देता. पण हा फोटो हौसेचा नसून हजेरीचाही असू शकतो: मी घरीच आहे, आजीजवळ आहे, दुसऱ्या कुणाबरोबर नाही.

किशोरवयीन प्रेमसंबंधातला छळ बहुधा असाच सुरू होतो. मारहाण पुष्कळदा नंतर येते, कधी येतही नाही. आधी येते ती काळजीचा वेष घेतलेली पाळत. पासवर्ड दे, लोकेशन चालू ठेव, अमक्याशी बोलू नकोस, उत्तराला पाच मिनिटे का लागली? मग अपमान, मागून माफी आणि भेटवस्तू. पुढे ‘तू सोडलेस तर जिवाचे बरेवाईट करीन’ ही धमकी, किंवा विश्वासाने पाठविलेले खासगी छायाचित्र जगाला दाखविण्याची. हे मुलग्यांच्याही वाट्याला येते. नातू ते सांगायला अधिकच संकोचतो.

खरे सांगायचे तर हे ओळखण्यात आपली पिढी कमी पडते. ‘संशय घेतो म्हणजे जीव लावतो’ असे आपणच ऐकत आणि ऐकवत आलो. म्हणून फोन वाजला की नातीचा चेहरा पाहा. आनंदाची लगबग आणि धसक्याची लगबग यांतला फरक तुमच्या अनुभवी डोळ्यांना कळेल. जुन्या मैत्रिणी येईनाशा झाल्या, आवडता ड्रेस कपाटातच राहू लागला, उकाड्यातही लांब बाह्या आल्या, तर लक्ष असू द्या. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

विचारायचे ते भाजी निवडताना, सहज. ‘कोण आहे तो?’ ही उलटतपासणी नको. ‘उत्तर उशिरा गेले तर काय होते ग?’ एवढे पुरे. ती बोलू लागली की मध्ये उपदेश करू नका. मोबाइल काढून घेणे, क्लास बंद करणे ही शिक्षा तिलाच होते. शिवाय धमकीचे संदेश पुरावा म्हणून जपायचे असतात. संबंध तोडल्यावर छळ वाढण्याचा धोका असतो. ‘शेवटचे एकदा भेट’ या आर्जवाला भुलून तिला एकटी जाऊ देऊ नका.

‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ‘तुला अंधारात ठेवून काही करणार नाही’ हे वचन देता येते, पाळताही येते. मुलीने नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. छायाचित्राच्या धमकीची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

जीव देण्याची धमकी आली तर ते ओझे नातीने एकटीने वाहायचे नाही. त्या मुलाच्या घरच्यांना तत्काळ कळवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांकही तुमच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा. जमत नसेल तर नातीकडूनच नोंदवून घ्या. त्या निमित्ताने तिच्याही नजरेखालून जातील.